धावत्या गाडीचे इंजिन अधूनमधून बंद पडते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकदा बंद पडलेली गाडी पुन्हा सुरूच झाली नाही, तर दोष शोधणे तुलनेने सोपे जाते, कारण बिघाड समोर हजर असतो. पंधरवड्यातून एकदा भर रस्त्यात बंद पडणारी आणि गॅरेजमध्ये नेली की दिवसभर निमूटपणे चालणारी गाडी मात्र मालकाचा आणि मेकॅनिकचा अंत पाहते. अशा गाडीचा दोष सुटे भाग बदलत बसून क्वचितच सापडतो. तो बंद पडण्याच्या क्षणी काय घडले याच्या बारीक नोंदीतून सापडतो. पुढील बहुतेक उत्तरे याच अंगाने लिहिली आहेत. पहिले तीन प्रश्न मात्र सुरक्षिततेचे आहेत.

गाडी वेगात असताना इंजिन बंद पडले, तर पहिल्या काही क्षणांत काय करावे?

इंजिन बंद पडले तरी गाडीचा वेग लगेच संपत नाही, आणि उरलेल्या वेगाचा उपयोग रस्त्याच्या कडेला पोहोचण्यासाठी करायचा असतो. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरावे, चारही इंडिकेटर लावावेत आणि क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा दांडा ‘एन’वर न्यावा. गिअरमध्ये राहिलेली गाडी बंद इंजिनालाच ओढत राहते आणि वेग फार लवकर गमावते. मागची वाहतूक आरशात पाहून हळूहळू कडेला सरकावे. मध्येच करकचून ब्रेक दाबू नये, कारण मागच्या चालकाला आपल्या अडचणीची कल्पना नसते.

कडेला जाणे अशक्य असेल आणि गाडी धावत्या रांगेतच थांबली, तर बाहेर पडणे सुरक्षित आहे याची खात्री करून सर्वांनी उतरावे आणि रस्त्यापासून दूर, शक्य असल्यास कठड्यापलीकडे उभे राहावे. बोनेट उघडून गाडीसमोर किंवा डिकीपाशी उभे राहण्याची चूक फार जण करतात.

इंजिन बंद पडल्यावर ब्रेक आणि स्टिअरिंग काम करतात का?

करतात, पण जड होतात. ब्रेकला मदत करणारा बूस्टर बहुतेक गाड्यांत इंजिनाकडून मिळणाऱ्या निर्वात दाबावर (व्हॅक्यूमवर) चालतो. इंजिन थांबल्यावरही त्या बूस्टरमध्ये साधारण दोन-तीन वेळा नीट ब्रेक दाबता येईल इतका साठा शिल्लक असतो. म्हणूनच पेडल पुन्हा पुन्हा दाबून सोडू नये. एकदाच, एकसारखा, ठाम दाब द्यावा. साठा संपला तरी ब्रेक निकामी होत नाही, फक्त पायाची बरीच जास्त ताकद लागते.

तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग इंजिनाबरोबरच मदत करणे थांबवते. विजेवर चालणारे स्टिअरिंग बॅटरीच्या बळावर काही काळ साथ देऊ शकते, पण त्यावर विसंबू नये. वेग जितका कमी, तितके मदतीविना स्टिअरिंग जड, हेही लक्षात असावे. शेवटच्या काही मीटरांत ते अचानक दगडासारखे वाटते आणि चालक गोंधळतो.

गाडी धावत असतानाच इंजिन पुन्हा सुरू करता येते का?

मोकळा रस्ता असेल आणि चालक गोंधळलेला नसेल, तर येते. न्यूट्रलमध्ये घेऊन किल्ली ‘ऑन’वरून सरळ ‘स्टार्ट’कडे फिरवावी. काही गाड्यांत पुन्हा सेल्फ मारण्याआधी किल्ली एक टप्पा मागे घ्यावी लागते. तो एकच टप्पा घ्यावा. किल्ली पूर्ण मागे नेऊन बाहेर काढली, तर स्टिअरिंगचे कुलूप लागते आणि गाडी वळवता येत नाही. यापेक्षा वाईट चूक या प्रसंगात दुसरी नाही. ऑटोमॅटिक गाडीत दांडा ‘एन’ किंवा ‘पी’वर असल्याशिवाय सेल्फ लागत नाही, पण धावत्या गाडीत ‘पी’कडे दांडा नेऊ नये. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीत धावताना इंजिन पुन्हा सुरू करण्याची पद्धत प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतले ते अर्धे पान एकदा वाचून ठेवण्याला पर्याय नाही.

एकदा प्रयत्न करून इंजिन लागले नाही, तर प्रयत्न सोडून आधी कडेला यावे.

वीस-पंचवीस मिनिटे थांबल्यावर गाडी आपोआप सुरू होते आणि नंतर ठीक चालते. मग दोष गेला असे समजावे का?

नाही. उलट ही दोषाने स्वतःबद्दल दिलेली सर्वांत मोलाची माहिती आहे. तापल्यावर बिघडणारा आणि थंड झाल्यावर पूर्ववत होणारा भाग बहुधा विजेचा असतो : एखाद्या सेन्सरच्या किंवा इग्निशन कॉइलच्या आतली बारीक तार, रिले म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधला तडकलेला सोल्डरचा डाग, किंवा टाकीतल्या पंपाची झिजलेली मोटर. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, केसाएवढी फट रुंदावते आणि प्रवाह तुटतो. गार झाल्यावर फट मिटते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत किंवा रात्रभर उभी राहिल्यावर सगळे भाग गार झालेले असतात, म्हणून तपासणीत काहीच सापडत नाही. यात मेकॅनिकचा आळस असतोच असे नाही.

थांबलेल्या गाडीत भाग लगेच गार होतात असेही नाही. इंजिन बंद झाले की पाणी फिरणे आणि समोरून येणारा वारा दोन्ही थांबतात, त्यामुळे पहिली काही मिनिटे बोनेटखालची उष्णता वाढतच जाते. बंद पडताच लगेच सेल्फ मारला तर लागली, पण पाच मिनिटांनी मारला तर लागली नाही, असा विचित्र अनुभव यामुळे येतो.

बंद पडण्याच्या क्षणी नेमके काय पाहून ठेवावे?

सुरक्षितपणे थांबल्यावर, आठवण ताजी असतानाच पुढील गोष्टी लिहून काढाव्यात. सोबत कोणी असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवावे.

पहिली गोष्ट, इंजिन कसे गेले. दिवा मालवावा तसे एका क्षणात गेले, की आधी आचके देत, पिकअप सोडत, धापा टाकत गेले? एका झटक्यात जाणारे इंजिन बहुधा विजेचा पुरवठा, इग्निशन किंवा क्रँकशाफ्टचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) सेन्सर यांपैकी कशाने तरी मारलेले असते. रडतखडत जाणारे इंजिन बहुतेक वेळा इंधनाअभावी गेलेले असते.

दुसरी गोष्ट आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या काट्याची, आणि ती क्वचितच कोणी पाहते. हाताने गिअर बदलायच्या गाडीत क्लच सोडलेला असून गाडी गिअरमध्ये धावत असेल, तर चाके इंजिनाला फिरवतच असतात. अशा वेळी काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर इंजिन फिरते आहे हे गाडीच्या संगणकाला दिसत होते, म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सर जिवंत होता. इंजिन फिरत असूनही काटा धाडकन शून्यावर आला, तर सेन्सरचा संकेत तुटला किंवा सगळा विद्युतपुरवठाच गेला. ही एक खूण मिळाली की तपासाचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते.

तिसरी गोष्ट दिव्यांची. डॅशबोर्डवर बॅटरीचा आणि तेलाचा दिवा लागला, पण रेडिओ व पंखा चालू राहिला, तर मुख्य वीज शाबूत आहे. हे दोन दिवे इंजिन थांबल्यामुळे लागतात आणि त्यांच्यावरून कारण ठरवू नये. सारेच अंधारले, घड्याळ मागे गेले किंवा रेडिओ नव्याने सुरू झाला, तर दोष बॅटरीच्या जोडण्या, मुख्य केबल किंवा इग्निशन स्विच यांच्यापाशी शोधावा.

याखेरीज टाकीत इंधन किती होते, गाडी किती वेळ चाललेली होती, चढ होता की उतार, एसी चालू होता का, नुकतेच खड्ड्यातून गाडी गेली का, नुकतेच इंधन भरले होते का, हे टिपावे. चार-पाच प्रसंगांच्या अशा नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांतले साम्य आपोआप डोळ्यांत भरते.

गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, पण एकही कोड मिळाला नाही. याचा अर्थ काय?

याचा अर्थ संगणकाच्या लेखी काही चुकलेले नाही, एवढाच. गाडीचा संगणक आपल्याला मिळणारे संकेत ठरलेल्या मर्यादेत आहेत का, ते पाहतो. पंपाचा दाब मोजणारा सेन्सरच गाडीत नसेल, तर पंप मंदावल्याचे त्याला कळणार नाही. संगणकाची स्वतःची वीज गेली, तर कोड नोंदवायलाही कोणी जागे नसते. शिवाय काही दोष गाडी सुरू करून चालवण्याच्या सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय पक्के नोंदले जात नाहीत. म्हणून पक्क्या कोडबरोबर प्रलंबित कोडही वाचायला सांगावेत.

कोड मिळालाच, तर तो पुसण्याआधी त्यासोबतची गोठवलेली नोंद पाहावी. दोष आला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, पाण्याचे तापमान आणि इंजिनावरचा भार तीत साठवलेला असतो. बॅटरीची वायर काढून गाडी ‘रिसेट’ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने अनेक गाड्यांत ही नोंद पुसली जाते. हाती आलेला पुरावा असा घालवू नये.

कोड आला आहे. त्यात ज्या भागाचे नाव आहे, तो भाग बदलून टाकावा का?

कोड भागाचा नसतो, सर्किटचा किंवा परिणामाचा असतो. पी०३३५ हा कोड क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमधला दोष सांगतो. त्यात सेन्सर, त्याचे सॉकेट, तिथून संगणकापर्यंतची वायर आणि अर्थिंग हे सारे आले. पी०१७१ सांगतो की मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे; त्यामागे फाटलेला निर्वात पाइप, मळलेला हवेचा सेन्सर, तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पंप यांपैकी काहीही असू शकते. पी०५६२ म्हणजे गाडीतला विजेचा दाब कमी आहे, आणि पी०६८५ हा संगणकाला वीज देणाऱ्या मुख्य रिलेच्या सर्किटकडे बोट दाखवतो. हे शेवटचे दोन कोड लोक दुर्लक्षितात, कारण त्यांत कोणत्याही प्रसिद्ध भागाचे नाव नाही. अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीत मात्र तेच सर्वांत बोलके ठरू शकतात.

माझ्या पाहण्यात एक गाडी होती, जिचा क्रँकशाफ्ट सेन्सर दोनदा आणि पंप एकदा बदलून झाला होता. दोष निघाला तो इंजिनापासून चासीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. तिच्या बोल्टाखाली गंज चढला होता. बदललेले तिन्ही भाग बहुधा धडधाकट होते.

क्रँकशाफ्ट सेन्सरचे नाव प्रत्येक वेळी का निघते? आणि तो पंपासारखाच का वागतो?

क्रँकशाफ्ट कोणत्या क्षणी कुठे आहे, हे संगणकाला सांगणारा हा मुख्य सेन्सर आहे. अनेक इंजिनांत तो एका दातेरी चाकासमोर बसवलेला असतो. त्या चाकावर ६० दातांची जागा असते आणि त्यांतले २ दात मुद्दाम गाळलेले असतात. गाळलेली जागा समोर आली की संगणकाला फेऱ्याची सुरुवात कळते, आणि त्यावरून स्पार्क व इंधन यांची वेळ ठरते. हा संकेत थांबला, तर इंजिन थांबले असे समजून संगणक स्पार्क बंद करतो, इंजेक्टर बंद करतो आणि सुरक्षिततेसाठी पंपही बंद करतो. मग गाडीत पेट्रोल येत नाही असे दिसते आणि निष्पाप पंप बदलला जातो. दोष सेन्सरचा असूनही पंपासारखा दिसतो, तो असा.

संशय असेल तर सोपी चाचणी आहे. गाडी बंद पडून सुरू होत नसताना स्कॅनर जोडावा आणि सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा पाहावा. सेल्फ इंजिनाला नीट फिरवत असूनही आकडा शून्यच राहिला, तर सेन्सर किंवा त्याची वायर दोषी. दोनशेच्या आसपास आकडा दिसला, तर लक्ष दुसरीकडे वळवावे. सेन्सर हाताशी असेल, तर त्यावर गार पाण्यात भिजवलेले फडके धरून गाडी लागते का, हेही पाहता येते. फिरते पट्टे, पंखा आणि तापलेला सायलेन्सर यांच्यापासून हात दूर ठेवून मात्र.

चुंबकीय प्रकारच्या सेन्सरच्या टोकाला लोखंडी कीस चिकटूनही संकेत बिघडतो. तो पुसून सुटणारा दोष आहे, म्हणून नवीन सेन्सर मागवण्याआधी जुना काढून पाहावा. कॅमशाफ्टचा सेन्सर याच कुळातला, पण चालते इंजिन तो सहसा बंद पाडत नाही. तो गेला तर अनेक गाड्या चालत राहतात आणि पुढच्या वेळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो.

इंधनाचा पुरवठा तुटतो आहे, हे कसे ओळखावे?

चढावर, ओव्हरटेक करताना किंवा जास्त वेगात, म्हणजे इंधनाची मागणी वाढते तेव्हा गाडी आचके देऊन बसते आणि सपाटीवर सावरते, ही तुंबलेल्या फिल्टरची किंवा दमलेल्या पंपाची खूण आहे. पंप टाकीत इंधनात बुडालेला असतो आणि त्या इंधनानेच गार राहतो. टाकी नेहमी तळाशी ठेवून गाडी चालवणाऱ्यांचा पंप जास्त तापतो, आणि वळणावर उरलेले इंधन एका बाजूला गेले की तो हवाही ओढतो. टाकी पाव भागाच्या वर ठेवल्याने दोष थांबत असेल, तर तीही एक नोंदच समजावी.

किल्ली ‘ऑन’ करताच मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घरघर ऐकू येते. पंप दाब तयार करत असतो. बंद पडलेल्या गाडीत हा आवाज आला नाही, तर पंपाचा रिले, फ्यूज आणि सॉकेट आधी तपासावेत. आवाज आला म्हणजे दाबही पुरेसा आहे असे मात्र नाही. तो मोजण्यासाठी गेज लागतो; पेट्रोलच्या नेहमीच्या इंजेक्शन पद्धतीत तो साधारण ३ ते ४ बार असतो, पण नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. अधूनमधूनच्या दोषासाठी गेज सुरक्षितपणे जोडून दोष येईपर्यंत चाचणी घ्यावी लागते, आणि ते अनुभवी माणसाचेच काम आहे.

टाकीच्या झाकणातला किंवा हवेच्या मार्गातला अडथळाही एक कारण असू शकतो. बंद पडल्यावर झाकण उघडताना ‘सूंऽऽ’ करून हवा जोराने आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी लगेच लागली, तर तिकडे पाहावे.

गाडी फक्त सिग्नलला किंवा वेग कमी करतानाच बंद पडते. हा वेगळा आजार आहे का?

बहुतेक वेळा वेगळाच असतो. इथे इंजिनाला मंद गतीवर, म्हणजे साधारण ६५० ते ९०० आरपीएमवर तग धरता येत नाही. इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलच्या पाकळीभोवती कार्बन धरल्यामुळे हवेची वाट अरुंद होते, आणि पाय उचलताच इंजिनाचा श्वास कोंडतो. जुन्या गाड्यांतला आयडलिंगचा व्हॉल्व अडकूनही असेच होते. धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व उघडाच अडकला, तर मंद गतीत ताज्या हवेऐवजी धूरच भरतो. तडकलेला निर्वात पाइप मोजली न गेलेली हवा आत घेतो. रेस दिल्यावर त्याचा परिणाम विरतो, म्हणून वेगात गाडी अगदी छान वाटते.

थ्रॉटलची सफाई हा स्वस्त आणि रास्त पहिला उपाय आहे. विजेवर चालणारी पाकळी बोटाने ढकलून उघडू नये, आणि सफाईनंतर मंद गतीची नव्याने जुळणी करावी लागू शकते. ती न केल्याने सफाईनंतर काही दिवस गाडी अधिकच बंद पडल्याच्या तक्रारी येतात.

ऑटोमॅटिक गाडी थांबताना, क्लच न दाबता ब्रेक लावल्यासारखी हिसका देऊन बंद पडत असेल, तर गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरमधला, इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडणारा लॉकअप क्लच सुटत नाही अशी शक्यता आहे. न्यूट्रलमध्ये घेऊन थांबल्यावर ती बंद पडत नसेल, तर संशय बळकट होतो, आणि मग इंजिनाच्या भागांवर खर्च करण्यात अर्थ नाही.

पेट्रोल भरल्यानंतर लगेचच गाडी लागत नाही किंवा थोड्या अंतरावर बंद पडते. पेट्रोल भेसळीचे आहे का?

भेसळीची शंका सर्वांत आधी येते. पण प्रत्येक वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी इंधन भरूनही हेच होत असेल, तर दुसरे कारण शोधावे. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठवून ती योग्य वेळी इंजिनात सोडणारा एक व्हॉल्व असतो. तो उघडाच अडकला, तर टाकी भरताना दाटलेली वाफ थेट इंजिनात शिरते आणि मिश्रण बिघडते. इंधन भरणारा नळ आपोआप थांबल्यावरही गळ्यापर्यंत इंधन भरत राहण्याच्या सवयीने द्रवरूप इंधन त्या डब्यात जाऊन तो खराब होऊ शकतो. ही सवय मोडण्यासाठी वेगळा खर्च येत नाही.

पावसात किंवा दमट हवेतच त्रास होतो. कुठे पाहावे?

इग्निशन कॉइल, प्लगच्या वायर आणि सॉकेटांची रबरी आवरणे येथे. तडकलेल्या आवरणातून ठिणगी प्लगऐवजी बाहेर इंजिनाच्या धातूकडे उडी मारते. अंधारात बोनेट उघडून, चालू इंजिनाला हात न लावता पाहिले तर ती निळसर ठिणगी कधीकधी दिसते. फ्यूजच्या डब्यात शिरणारे पाणी हे दुसरे ठिकाण.

किल्ली हलवली किंवा खड्डा बसला की गाडी बंद पडते. असे का होते?

इग्निशन स्विचच्या आतले संपर्क झिजल्यामुळे असे होऊ शकते, आणि ही गोष्ट क्षुल्लक नाही. किल्लीचा स्विच ‘ऑन’वरून सहज घसरतो म्हणून जनरल मोटर्स कंपनीने २०१४ साली जवळपास २६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. स्विच घसरला की इंजिन तर थांबेच, शिवाय अपघातात एअरबॅगही उघडत नसत. या दोषाशी जोडलेल्या १२४ मृत्यूंसाठी भरपाई मान्य करण्यात आली. त्यामुळे किल्लीला जडशीळ जुडगा लटकवू नये, आणि आपल्या गाडीच्या चासी क्रमांकावर अशी परत बोलावणी प्रलंबित आहे का, हे उत्पादकाकडे तपासावे. ही तपासणी विनामूल्य असते, तरीही फार थोडे मालक ती करतात.

खड्ड्यातून गेल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत बॅटरीच्या टर्मिनलपासून सुरुवात करावी. हाताने फिरणारे टर्मिनल म्हणजे सैल टर्मिनल; त्याला दुसरी व्याख्या नाही. त्यानंतर इंजिन चालू ठेवून वायरिंगचे जुडगे एकेक करून हळुवार हलवावेत आणि रिलेंवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारावी. कोणत्या हालचालीने इंजिन अडखळते, ते ठिकाण हाती लागले की अर्धे काम झाले. काही गाड्यांत धक्का बसल्यावर इंधन तोडणारा स्वतंत्र स्विचही असतो. त्याचे ठिकाण पुस्तिकेत दिलेले असते.

बॅटरी किंवा अल्टरनेटर खराब असल्याने धावती गाडी बंद पडू शकते का?

चालत्या इंजिनावर वीज तयार करून बॅटरी भरणारा अल्टरनेटर बंद पडला तर गाडी काही काळ बॅटरीवर चालते, दिवे मंदावतात आणि शेवटी इंजिन थांबते. मग ती थोडा वेळ थांबून ताजीतवानी होऊन धावत नाही. साध्या मल्टिमीटरने पाहता येते : उभ्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.७ ते १४.७ व्होल्ट दिसावेत. अलीकडच्या काही गाड्या इंधन वाचवण्यासाठी हा आकडा मुद्दाम कमी-जास्त करतात, एवढे ध्यानात ठेवावे.

डिझेल गाडीला हेच सारे लागू होते का?

तिला स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे स्पार्कचा विचार गळतो आणि इंधनाचा दुप्पट होतो. फिल्टरमध्ये साठलेले पाणी, पाइपच्या सांध्यातून ओढली जाणारी हवा आणि रेलचा, म्हणजे सर्व इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या सामायिक नळीचा, दाब सांभाळणारा व्हॉल्व ही तीन प्रमुख ठिकाणे. फिल्टरजवळचा पारदर्शक पाइप पाहिल्यास हवेचे बुडबुडे थेट दिसतात. पी००८७ हा कोड रेलमधला दाब अपुरा असल्याचे सांगतो. मात्र कॉमन रेलच्या पाइपांत इंजिन चालू असताना हजार बारच्याही वर दाब असू शकतो. असा पाइप सैल करून इंधन येते का ते पाहण्याची जुनी रीत इथे जीवघेणी आहे. त्या धारेने कातडी भेदून इंधन शरीरात जाते. दिसायला टाचणीएवढी असली तरी अशी जखम झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होते आणि ब्रेक सोडल्यावर सुरू होते. हा दोष आहे का?

नाही, ती इंधन वाचवण्याची सोय आहे आणि डॅशबोर्डवर तिची खूण उमटते. ती खूण नसताना, किंवा गाडी वेगात असताना इंजिन थांबले, तरच चिंता करावी. हायब्रिड गाड्यांत इंजिन चालता चालताही थांबते, आणि ते त्यांच्या स्वभावाचा भाग आहे.

गॅरेजमध्ये गेल्यावर दोष दिसतच नाही. मेकॅनिकला काय सांगावे?

‘गाडी कधीकधी बंद पडते’ एवढे सांगू नये. ‘पाऊण तास चालल्यावर, तापमानाचा काटा मध्यावर असताना, सपाट रस्त्यावर, आधी आचका न देता बंद पडली, आरपीएमचा काटा एकदम खाली आला, वीस मिनिटांनी पहिल्याच सेल्फला लागली’ असे सांगावे. कोणते भाग कधी बदलले तेही सांगावे, विशेषतः अलार्म, ट्रॅकर किंवा गॅस किट नंतर बसवले असेल तर ते लपवू नये. अशी जोडकामे करताना मूळ वायरी कापल्या जातात, आणि वर्षभराने नेमका तोच सांधा सुटतो.

भाग बदलण्यास संमती देण्याआधी एक प्रश्न शांतपणे विचारावा : हा भाग खराब आहे, हे कोणत्या चाचणीत दिसले? उत्तर ‘बहुतेक तोच असणार’ असे आले, तर गाडी दोन दिवस त्यांच्याकडे ठेवून, डेटा नोंदवणारा स्कॅनर लावून ती चालवण्याची विनंती करावी. या वेळेचे पैसे द्यावे लागतील, आणि ते आनंदाने द्यावेत. अंदाजाने बदललेल्या भागांच्या खर्चापेक्षा ते जवळजवळ नेहमीच कमी असतात.

दोष सापडेपर्यंत गाडी वापरावी का?

केवळ उभी असताना किंवा अगदी मंद गतीत बंद पडणारी गाडी दिवसाउजेडी, ओळखीच्या आणि कमी वर्दळीच्या रस्त्यावर गॅरेजपर्यंत नेता येईल. वेगात असताना एका झटक्यात बंद पडणारी गाडी महामार्गावर, घाटात, रेल्वे फाटकावरून किंवा रात्री नेऊ नये. ती टो करून न्यावी. इंजिन तापल्याचा दिवा लागून किंवा इंजिन चालू असताना तेलाचा दिवा लागून ती थांबली असेल, तर पुन्हा सेल्फसुद्धा मारू नये.

दुरुस्ती झाल्यावरही ती झाली हे लगेच सिद्ध होत नाही. दहा दिवसांतून एकदा येणारा दोष तीन दिवस आला नाही, यावरून काहीच ठरत नाही. आधी जितक्या अंतराने तो येत होता, त्याच्या किमान तिप्पट काळ, तशाच तापमानात आणि तशाच रस्त्यावर गाडी बिनतक्रार चालेपर्यंत काढलेला जुना भाग टाकून देऊ नये, आणि नोंदींची वहीही गाडीतच राहू द्यावी.